डोळ्याचा वाटा

बेल रोशच्या खाडीला उजवीकडे एक खडक आहे. त्याच्या माथ्यावर बशीसारखी एक खोलगट जागा आहे. ती वाऱ्यापावसाने झालेली नाही, बसून बसून झालेली आहे. गेली अडतीस वर्षं तिथे थेल्बर्ट क्वाशी बसतो. त्याच्या आधी त्याचा मामा बसायचा, आणि मामाच्या आधी एक माणूस, ज्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. तिघांनी मिळून दगडाला नमवलं.

थेल्बर्टचं काम एवढंच की बघायचं. वाळूवरून बघितलं तर समुद्र ही नुसती रेघ असते. खडकावरून बघितलं की त्याला पोट असतं. मासा म्हणून काही दिसत नाही. दिसतो तो पाण्याचा बदललेला स्वभाव. एखादा जांभळट डाग सरकत येतो आणि माशी बसलेल्या गाईच्या पाठीसारखा मध्येच थरथरतो. मग थेल्बर्ट मांडीवरचा शंख उचलतो. दोनदा लांब, एकदा आखूड.

शंख वाजला की बेल रोशमध्ये सगळं जिथल्या तिथे राहतं. भट्टीतला पाव करपतो, फळ्यावरची बेरीज अर्धी राहते, न्हाव्याकडचं गिऱ्हाईक एका गालाची दाढी घेऊन पळत सुटतं. होडी पाण्यात अर्धा चंद्र काढत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोरांना सबंध गाव लटकतं. नियम सोपा आहे. रापणीची मधली खोळ वाळूला टेकते त्या क्षणी ज्याचा हात दोरावर असेल त्याला वाटा. किती ओढलं, कोणी विचारत नाही. त्र्याण्णव वर्षांच्या टँटी युलालीला पडवीतून उठवत नाही, म्हणून दोराला एक सुतळी बांधतात आणि सुतळीचं टोक तिच्या मनगटाला. ती खुर्चीतूनच सगळ्यांवर ओरडते, "जोर लावा रे, मेल्यांनो! एकटीने किती ओढू?" एकदा पाद्रीबाबांच्या कुत्र्याने दोर दातात धरला होता. त्यालाही वाटा द्यावा लागला. तेव्हापासून नियमात ‘हात’ हा शब्द पक्का झाला.

आलेल्या मासळीतली अर्धी रापणीच्या मालकिणीची, अर्धी दोरावरच्यांची. पण त्याच्याही आधी, कोणाचाही हात टोपलीत जाण्याआधी, खडकावरच्या माणसाने सगळ्या मासळीतून हवा तो एक नग उचलायचा. त्याला डोळ्याचा वाटा म्हणतात.

थेल्बर्टच्या आयुष्यात घडलेलं बहुतेक सगळं खडकावरूनच घडलं. त्याचं लग्न मात्र चर्चमध्ये होणार होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, "थेल्बर्ट, हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस?" तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता. तो म्हणाला, "जॅक मासे!" आणि पळाला. उना पांढरा झगा खोचून त्याच्या मागे पळाली, तिच्यामागे पाद्रीबाबा, मग पाहुणे. लग्न दोरावर लागलं. उनाने "हो" म्हटलं तेव्हा तिचे दोन्ही हात दोरावर होते, म्हणून अंगठी दुपारपर्यंत पाद्रीबाबांच्या करंगळीत राहिली. डोळ्याच्या वाट्यात त्या दिवशी थेल्बर्टने सर्वांत मोठा जॅक उचलला आणि तिला दिला. पुढे बत्तीस वर्षं ती भांडणात ते काढायची. "मला विचारलं होतं, आणि उत्तरात मासा आला."

उना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून थेल्बर्टच्या दोन्ही डोळ्यांत हळूहळू दूध साचत गेलं. आधी क्षितिज गेलं, मग होड्यांच्या बाजूंवरची नावं, मग पाण्यातला जांभळा रंग. त्याने कोणाला सांगितलं नाही. पाणकोळी कुठे सूर मारतात त्याचा आवाज, वारा कुठल्या कानाला लागतो, भरतीला किती वेळ झाला, अशा हिशेबावर तो शंख फुंकायचा आणि पुष्कळदा मासे यायचे. डोळे गेले तरी अडतीस वर्षं कुठे जात नाहीत.

पण त्या वर्षी मार्चमध्ये त्याने ढगाच्या सावलीवर शंख फुंकला. मे महिन्यात वाहत आलेल्या शेवाळावर. दोन्ही वेळा रापण रिकामी आली. आणि बेल रोशचा नियम असा की एका वर्षीच्या सुगीच्या रविवारपासून पुढच्या वर्षीच्या त्याच रविवारपर्यंत ज्याच्या शंखावर तीन रापणी रिकाम्या येतील त्याने शंख ठेवायचा आणि खडकावरून उतरायचं. हा हिशेब ठेवायचं काम होडीच्या तांडेलाचं. तांडेल कथबर्ट, उनाचा धाकटा भाऊ. तो कमी बोलायचा. बोटं मात्र मोजायचा.

खाली उतरून काय करायचं हे थेल्बर्टला माहीत नव्हतं. घराच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत होती. तिला पोट नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊला त्याला भुशिराच्या बाजूने एक काळा डाग सरकताना दिसला. खरोखर दिसला! चार वर्षांत पहिल्यांदा दुधातून काहीतरी आरपार आलं. डाग मोठा होता, संथ होता, मध्येच थरथरत होता. थेल्बर्टने डोळे पुसले आणि शंख फुंकला. पाव करपले. एकेचाळीस माणसांनी दोर धरला. खोळ वाळूला टेकली.

खोळीत सतरा बोटभर मासे होते, एक चप्पल होती आणि एक गृहस्थ होते.

काळ्या रबराचा पोहायचा पोशाख घातलेले ते गृहस्थ उभे राहिले, कानातून पाणी काढलं आणि म्हणाले, "शुभ प्रभात."

गाव जरा निवळलं. परक्या माणसाने आधी नमस्कार केला की बेल रोशमध्ये त्याचे निम्मे गुन्हे माफ असतात.

"मॉर्निंग," सगळे म्हणाले.

"माझं नाव ब्रून. मी डोंगरापलीकडच्या हॉटेलात उतरलो आहे. तिथे सांगितलं की या बाजूची खाडी अतिशय शांत आहे."

"शांतच आहे हो," टँटी युलाली पडवीतून ओरडली. "काय धरलंय रे? मला कोणी सांगेल का? सुतळी हाताला काचतेय माझ्या!"

कथबर्टने चप्पल बाजूला टाकली. सतरा मासे ओंजळीत घेतले आणि समुद्रात सोडून दिले. मग खडकाकडे बघत तिसरं बोट मिटलं.

"रिकामी," तो म्हणाला.

थेल्बर्टला खडकावरून उतरायला पाव तास लागायचा. त्या दिवशी पाच मिनिटं लागली, त्यातली शेवटची दोन ढुंगणावरून. तो धापा टाकत आला आणि हात पुढे करून चाचपत राहिला. हाताला रबर लागलं.

"रिकामी कशी? मग हे काय आहे?"

"हा माणूस आहे, थेल."

"मी डाग बघितला. डाग रापणीत आला. रिकामी म्हणजे जिच्यात काही नाही ती."

"माणूस म्हणजे मासळी नव्हे."

"नियमात मासळी म्हटलंय कुठे? पन्नास पौंडांच्या वर काही आलं तर रिकामी नाही, असं आहे. तोल."

कथबर्टने रापणीच्या मालकिणीकडे बघितलं. मिस इर्मिन मेलव्हिल उलट्या घातलेल्या होडीवर छत्री घेऊन बसली होती. नवऱ्यामागे रापण तिच्याकडे आली होती, आणि तिच्याबरोबर गावचे सगळे नियमही. ते लिहिलेले कुठेच नव्हते, इर्मिनकडे होते.

"तोला," ती म्हणाली.

"माफ करा," मिस्टर ब्रून म्हणाले, "पण हे नेमकं काय चाललं आहे?"

इर्मिनने त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं: शंख, खोळ, तीन रिकाम्या, खडक. मिस्टर ब्रून आयुष्यभर आपल्या देशात जमिनी मोजत आले होते आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. कोणीतरी त्यांना पुन्हा एखाद्या नियमात बसवतंय याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते स्वतःहून मासळीच्या काट्याला लोंबकळले.

"दोनशे आठ," काट्यापाशी कोणीतरी म्हणालं.

"ओला आहे तो," कथबर्ट म्हणाला.

"मासे काय वाळवून तोलतोस?" थेल्बर्टने विचारलं.

गाव हसलं. कथबर्टने मिटलेलं बोट उघडलं. पण इर्मिनने छत्री मिटली, म्हणजे तिचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"रापण रिकामी नाही, हे मला मान्य. पण मग मासळी आली. आली तर वाटणी झाली पाहिजे. वाटणी नाही झाली तर आलीच नाही, आणि आली नाही तर तिसरी रिकामी. थेल, तुला कसं हवंय?"

वाळू तापायला लागली होती. मिस्टर ब्रूनच्या पायांची अदलाबदल चालली होती.

"मला कापून चालणार नाही," ते विचार करून म्हणाले. "पण माझा वेळ वाटता येईल. रविवारी दुपारी बारा वाजता माझी गाडी आहे. आता दहा. म्हणजे चौऱ्याहत्तर तास. निम्मे बाईंचे. उरलेले सदतीस, दोरावर एकेचाळीस जण." त्यांनी काठीने वाळूवर भागाकार केला. "प्रत्येकाला चोपन्न मिनिटं. सहा मिनिटं उरतात."

"उरलेली टँटी युलालीला द्या," कोणीतरी म्हणालं. "तिने सगळ्यांत जास्त ओढलं."

"त्याआधी डोळ्याचा वाटा," इर्मिन म्हणाली. "थेल, उचल. एक नग."

सगळ्यांना वाटलं तो रबराचा पोशाख मागेल, नाहीतर मनगटावरचं घड्याळ. थेल्बर्ट मिस्टर ब्रूनच्या अगदी जवळ गेला, नाकाला नाक लागेल इतका. त्याला दोन फिकट ठिपके दिसले.

"हे," तो म्हणाला. "दोन्ही. रविवारी बारापर्यंत."

मिस्टर ब्रूननी क्षणभर डोळे मिटले, मग उघडले. "दुसऱ्यांच्या घरी असताना मी ते वापरले तर चालतील?"

"वापरा. पण सांभाळून."

तीन दिवस मिस्टर ब्रून घरोघर वाटले गेले. बेकरीवाल्याने त्यांना चोपन्न मिनिटं पीठ मळायला उभं केलं. उंच होते म्हणून तीन घरांनी त्यांच्याकडून छपराची गळती बघून घेतली. शाळेतल्या मास्तरांनी उरलेली बेरीज पुरी करून घेतली. एका बाईने आपली निम्मी मिनिटं शेजारणीला एका नीरफणसावर दिली, आणि नीरफणस कच्चा निघाला म्हणून दोघींत बोलणं बंद झालं. न्हाव्याकडे पोचेपर्यंत मिस्टर ब्रून इतके दमले होते की खुर्चीतच झोपले. न्हाव्याने कथबर्टकडे तक्रार केली की माल शिळा आहे. टँटी युलालीने त्यांना समोर बसवलं आणि चोपन्न आणि वरची सहा मिनिटं आपल्या तीन नवऱ्यांबद्दल सांगितलं.

"तुम्ही बरे ऐकता," ती शेवटी म्हणाली. "तिघांत मिळून एवढे कान नव्हते."

सगळीकडे त्यांना खायला मिळालं: खेकडा आणि पिठाचे गोळे, अळूचं कालवण, वर लाल मिरचीचा ठेचा. झोपायला ते इर्मिनकडे असायचे. त्यांचं घोरणं तिच्या निम्म्यात धरलं गेलं.

सकाळी साडेपाचला मात्र ते खडकावर असायचे. डोळे जातील तिथे बाकीचं गेलंच पाहिजे, असं म्हणून इर्मिनने आपल्या तासांतून सकाळ सोडली होती.

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, थेल्बर्टने विचारलं, "काय दिसतंय?"

"निळं," मिस्टर ब्रून म्हणाले.

"कसलं निळं?"

"निळं म्हणजे… निळं. आणि पलीकडे आणखी निळं."

थेल्बर्टने कपाळावर हात मारला. इतके स्वच्छ डोळे आणि आत कोणी नाही! मग त्याला कळलं की त्यालाच सांगावं लागणार. अडतीस वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मामानेही त्याला सांगितलं नव्हतं, नुसतं शेजारी बसवलं होतं. तो शब्द शोधू लागला. पाण्याखाली वाळू असते तिथलं निळं धुतलेल्या कपड्यासारखं. खडक असतो तिथलं, काल पडून आज दुखणाऱ्या गुडघ्यासारखं. ढगाची सावली कडेला फाटलेली नसते, शेवाळाला कड असते पण पाठ नसते. आणि मासे असतात तिथे पाणी खोटं बोलत असतं. शांत असल्याचं दाखवतं, पण त्याला ते जमत नसतं.

मिस्टर ब्रून हे सगळं हॉटेलच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होते. "खोटं बोलतं म्हणजे किती वेळ?" त्यांनी विचारलं.

शनिवारी सात वाजता ते एकदम म्हणाले, "तिसऱ्या खडकापासून दोनशे मीटर. लांबी तीस, रुंदी वीस. काल पडून दुखणारा गुडघा."

"तिथे खडक नाही," थेल्बर्ट म्हणाला.

"माहीत आहे. सरकतोय."

"पाठ?"

मिस्टर ब्रून बराच वेळ बघत राहिले. "थरथरली," ते कुजबुजले. "मिस्टर क्वाशी, पाणी खोटं बोलतंय."

थेल्बर्टने त्या बाजूला बघितलं. दूध होतं. त्याने शंख मिस्टर ब्रूनच्या हातात दिला. "ज्याने बघितलं त्याने फुंकायचा."

मिस्टर ब्रूननी गाल फुगवले. शेळीला उचकी लागावी तसा आवाज निघाला. खाली कोणी मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा फुंकलं. बेकरीवाल्याने तेवढं खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

"जातायत," मिस्टर ब्रून रडकुंडीला आले. "भुशिराकडे वळतायत. फुंका ना तुम्ही!"

थेल्बर्टने शंख घेतला. तो हातात पहिल्यांदाच जड लागला. दोनदा लांब, एकदा आखूड. पाव करपले.

त्या दिवशी खोळ वाळूवर यायला तीनदा थांबावं लागलं. मिस्टर ब्रूननी खडकावरून पाण्यात उडी मारून दोर धरला होता, तेव्हा आता त्यांचाही एक वाटा झाला होता. जॅक मासे वाळूवर उडत होते, एकावर एक, चांदीची भांडी ओतावीत तसे. लोक हसत होते, एकमेकांना ढकलत होते. थेल्बर्ट खाली आला तेव्हा कथबर्टने सर्वांत मोठा मासा दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढे केला.

"डोळ्याचा वाटा."

थेल्बर्टने हात पुढे केले नाहीत.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "यांनी बघितलं. मला दिसत नाही."

माशांच्या शेपट्यांचा आवाज तेवढा येत होता. मग पडवीतून टँटी युलाली ओरडली, "ते आम्हाला चार वर्षं माहीत आहे! गेल्या सुगीला तू मला ‘गुड मॉर्निंग, पाद्रीबाबा’ म्हणाला होतास!"

"मग ओढत कशाला होतात?"

"शंख वाजला ना," कथबर्ट म्हणाला. त्याच्या हातातला मासा अजून हलत होता. "शंख वाजला की ओढायचं. मासे आहेत की नाहीत ते नंतर."

"पण नियम आहे. जो बघतो त्याचा खडक."

सगळ्यांनी इर्मिनकडे बघितलं. तिने छत्री उघडली, मिटली आणि वाळूत खुपसली.

"हे डोळे कोणाचे?" तिने मिस्टर ब्रूनकडे बोट दाखवून विचारलं.

"मिस्टर क्वाशींचे," मिस्टर ब्रून ताठ उभे राहून म्हणाले. "उद्या बारापर्यंत."

"मग थेलच्या डोळ्यांनी बघितलं. मासा घे, थेल, तो मरायला लागलाय."

"आणि उद्या बारानंतर?" थेल्बर्टने विचारलं.

इर्मिन मासे मोजायला लागली.

रविवारी बाराला मिस्टर ब्रून गाडीत बसले. त्यांना स्वतःचा वाटा म्हणून मिळालेले दोन जॅक वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर होते. थेल्बर्ट निरोपाला आला नाही. तो आपल्या घरी भिंतीसमोर बसला होता, सवय करत होता.

सोमवारी पहाटे तो शेवटचं म्हणून खडक चढला. शंख मामाच्या जागेवर ठेवायचा आणि उतरायचं, असं त्याने ठरवलं होतं. माथ्यावर कोणीतरी होतं. त्याने खोकला ओळखला.

"बसलास का?" थेल्बर्ट म्हणाला. "बस. तूच बसायला हवंस. उनालाही आवडलं असतं."

"डोळे गेले तर हाताने बघ," कथबर्ट म्हणाला. "बशी रिकामी आहे. मी बाजूला दगडावर बसलोय, आणि तो टोचतोय."

थेल्बर्टने चाचपलं. बशी रिकामी होती, दवाने ओली.

"मग आलास कशाला?"

"वाटणी झालीय. ब्रूनसाहेबांनी जाण्याआधी पाकिटावर आखून दिली. इर्मिन म्हणते, डोळ्याचा वाटा नेहमी सगळ्यांत आधी निघतो, मग मासे यायच्या आधी निघाला तर बिघडलं कुठे? गावातून काढला, सगळ्यांचे डोळे पाळीपाळीने तुझे. एकेकाची चोपन्न मिनिटं. साडेपाच ते सहा चोवीस मी. मग बेकरीवाला. टँटीची पाळी पडवीतूनच, ती म्हणते तिला सुतळीतून कळतं. आता पाच चाळीस झाले. माझी दहा मिनिटं तू वाया घालवलीस. चल, बोल, काय बघू?"

थेल्बर्ट बशीत बसला. शंख मांडीवर घेतला.

"काय दिसतंय?"

कथबर्टने बराच वेळ समुद्राकडे बघितलं. आयुष्यभर तो त्याच्या पाठीवर होडी घेऊन फिरला होता. वरून त्याने तो कधी बघितला नव्हता.

"निळं," तो म्हणाला.

"कसलं निळं?" थेल्बर्टने विचारलं, आणि दगडाला पाठ टेकली.